मुद्रिका आणि ध्वनिमुद्रिका : शौकिनाच्या नीतीचा प्रश्न

१

मराठी कलाविचारात श्रोत्यासाठी जे शब्द रूढ आहेत त्यांची एक उतरंड आहे. सर्वांत वर 'सहृदय' आणि 'रसिक' बसतात. त्यांच्या खाली 'जाणकार', मग 'दर्दी', मग काहीसा कौतुकाचा आणि काहीसा थट्टेचा 'कानसेन'. 'शौकीन' आणि 'चाहता' हे शब्द पायथ्याशी राहतात. 'शौकीन' या शब्दाला बैठकीच्या लावणीचा, विड्याचा आणि उधळपट्टीचा वास अजून येतो. 'फॅन' हा शब्द तर आपण पौगंडावस्थेसाठी राखून ठेवला आहे. रसिक आस्वाद घेतो आणि मूल्यमापन करतो. शौकीन नुसता आवडीने ऐकतो, पुन्हा पुन्हा ऐकतो, कॅसेटी जमवतो, गायकाचे छायाचित्र भिंतीला लावतो. म्हणून रसिकाचा विचार सौंदर्यशास्त्राने करावा आणि शौकिनाचा समाजशास्त्राने, अशी एक न बोललेली वाटणी आपल्या समीक्षेत झालेली दिसते.

ही वाटणी मान्य केली की एक प्रश्न दोन्ही शास्त्रांच्या मधल्या फटीतून निसटतो. गाण्यावर प्रेम करणारा माणूस त्या गाण्याचे, आणि ज्यांच्यामुळे ते गाणे त्याच्यापर्यंत पोहोचले त्यांचे, काही देणे लागतो काय? लागत असल्यास ते कोणत्या स्वरूपाचे असते? सौंदर्यशास्त्र हा प्रश्न विचारत नाही, कारण आस्वाद निर्हेतुक असतो हे त्याने आधीच गृहीत धरलेले असते. समाजशास्त्रही तो विचारत नाही, कारण त्याच्या लेखी शौकीन हा एक ग्राहक असतो आणि ग्राहकाने पैसे मोजले की त्याचे देणे संपते. प्रस्तुत निबंधात हा प्रश्न नांदेड आणि लातूर या परिसराच्या आधाराने मांडावयाचा आहे. हा परिसर निवडण्यामागे प्रादेशिक अभिमान नाही. मैफलीपेक्षा ध्वनिमुद्रणातून गाणे ऐकण्याची सवय जेथे दीर्घकाळ मुख्य राहिली, अशा भूभागात हा प्रश्न अधिक स्वच्छ दिसतो, एवढेच.

२

प्रथम शौकिनावरचे आक्षेप पाहू. त्यांपैकी सर्वांत कठोर आक्षेप अडोर्नोने १९३८ मधील आपल्या निबंधात घेतला. यांत्रिक प्रसाराच्या युगात संगीताला वस्तुपूजेचे रूप येते, श्रोता गाणे न ऐकता त्याची लोकप्रियताच ऐकतो आणि ऐकण्याची शक्ती बालपणाकडे मागे सरकते, असे त्याचे थोडक्यात म्हणणे. त्याच सुमारास, १९३६ मध्ये, वाल्टर बेंजामिनने नेमकी उलटी शक्यता दाखविली होती. प्रतिकृतीमुळे कलाकृतीचे तेजोवलय लोपते हे खरे, पण त्यामुळेच ती जेथे कधी पोहोचली नसती तेथे पोहोचते. मराठी वाचकाला हा वाद परका वाटण्याचे कारण नाही. १९५२ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण खात्याची सूत्रे हाती आल्यावर बा. वि. केसकर यांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना जो आळा घातला, त्यामागे लोकांच्या कानांना वळण लावण्याची अडोर्नोसारखीच कळकळ होती. परिणाम मात्र बेंजामिनच्या बाजूचा झाला. श्रोत्यांनी सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावला. त्याच वर्षी सुरू झालेली अमीन सायानींची गीतमाला हा बुधवारचा जणू नेमधर्म झाला. अखेर १९५७ मध्ये विविधभारती सुरू करून सरकारला श्रोत्यांपर्यंत यावे लागले.

या घटनेचा अर्थ केवळ 'लोकांना हलके संगीत आवडते' एवढाच लावणे हा उतावळेपणा होईल. सुई फिरवणारा श्रोता निष्क्रिय नव्हता. तो शोधत होता. खरखरीतून आवाज वेगळा काढत होता, क्रमांक वहीत टिपून ठेवत होता, पत्र पाठवत होता. अभिनवगुप्ताने सहृदयाची जी कल्पना मांडली तीत अभ्यासाला महत्त्वाचे स्थान आहे: काव्याच्या सततच्या अनुशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला तो सहृदय. मग एकच तबकडी शंभर वेळा ऐकणाऱ्याच्या आवर्तनाला अनुशीलन म्हणण्यास आपण का कचरतो? पुनरावृत्ती गवयाची असली की तिला आपण रियाज म्हणतो आणि श्रोत्याची असली की व्यसन.

येथे रसिक आणि शौकीन यांच्यातील एक तात्त्विक भेद नोंदविणे आवश्यक आहे. रससिद्धान्तात आस्वादाची अट म्हणून साधारणीकरण सांगितले आहे. समोरचे दुःख या विशिष्ट माणसाचे न राहता दुःखमात्र झाले की रस निष्पन्न होतो. शौकिनाची वृत्ती नेमकी उलटी असते. त्याला यमन नको असतो, अमुक गवयाचा, अमुक बाजूवरचा, तीन मिनिटांतला यमन हवा असतो. त्याला विठ्ठलाचे गीत नको असते, प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातले विठ्ठलाचे गीत हवे असते. रसिक साधारणाकडे जातो, शौकीन विशेषाला चिकटून राहतो. सौंदर्यदृष्ट्या ही कदाचित उणीव असेल. नैतिकदृष्ट्या मात्र हीच त्याची ताकद आहे, कारण देणे हे नेहमी कोणा विशिष्ट माणसाचे असते. साधारणीकृत झालेल्या कोणाचेही आपण ऋणी असू शकत नाही.

३

हे 'विशेष' कशाने ओळखले जाते? नावाने. या बाबतीत नांदेड परिसराची संगीतपरंपरा विलक्षण बोलकी आहे. येथे तख्त सचखंड श्री हजूर साहिब आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथसाहिबाला गुरुपद दिले ते येथे, आणि त्या ग्रंथातील शबदांचे कीर्तन येथे नित्य चालते. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात नरसी नामदेव आहे. तेथल्या नामदेवांची पदेही त्याच ग्रंथात आहेत. गोदाकाठी वर गंगाखेड हे जनाबाईंचे गाव. हा सारा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्यामुळे गझल आणि कव्वालीचा संस्कार येथे खोलवर झाला. अठराव्या शतकातले सिराज औरंगाबादी हे याच मराठवाड्याचे शायर. आणि विसाव्या शतकात वामनदादा कर्डकांसारख्या लोककवींची भीमगीते गायनपार्ट्यांनी गावोगाव नेली.

शबद, अभंग, गझल आणि भीमगीत या चार प्रकारांत देव वेगळा, भाषा वेगळी, श्रोता वेगळा, छंद वेगळा. पण एक गोष्ट समान आहे. रचना संपत आली की कवीचे नाव येते. अभंगात ती नाममुद्रा, गझलेत मक्त्यातला तखल्लुस, भीमगीताच्या अखेरच्या कडव्यात 'वामन' किंवा आणखी कोणी. ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत थांबल्याखेरीज हे नाव कळत नाही. गाणे कोणाचे, हे गाणे पूर्ण ऐकणाऱ्यालाच सांगितले जाते.

ही नाममुद्रा म्हणजे मालकीची खूण नव्हे, हेही लक्षात घेतले पाहिजे. ग्रंथसाहिबात सहा गुरूंच्या रचना आहेत आणि सर्वांची मुद्रा 'नानक' हीच आहे. त्यांतील भेद 'महला' या शीर्षकाने दाखविला जातो. मराठीत नामदेवांच्या नावावर किती नाम्यांच्या रचना जमा झाल्या हा संशोधकांचा जुना वाद आहे. जनाबाईंच्या जवळ तर मालकीचे असे काहीच नव्हते. दळण-कांडण दुसऱ्याच्या घरचे होते, पण मुद्रा स्वतःची होती. म्हणजे ज्याला मालमत्तेचा अधिकार समाजाने कधी दिला नाही त्यालाही ही परंपरा नाव सांगण्याचा अधिकार देत होती. मुद्रेचा अर्थ 'हे माझे आहे' असा नसून 'हे मी म्हणतो आहे' असा आहे. ती उत्तरदायित्वाची खूण आहे. आणि जो उत्तरदायित्व घेतो त्याला ऐकणाऱ्याकडून निदान ओळख मिळाली पाहिजे.

मराठीने तबकडीला 'ध्वनिमुद्रिका' हा शब्द दिला तेव्हा हा सारा संदर्भ कोणाच्या मनात होता असे म्हणण्यास आधार नाही. 'मुद्रा' म्हणजे ठसा, एवढाच अर्थ तेथे अभिप्रेत असावा. तरी इतिहासाने या शब्दाला एक अनपेक्षित दुजोरा दिला आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या गैसबर्गने कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळच्या तबकड्या हॅनोव्हरला जाऊन तयार होत. तेथील कारागिरांना गायिका ओळखता यावी म्हणून गाणे संपताच गायिका स्वतःचे नाव उच्चारीत असे. पुढे छापील चकतीने हे काम हाती घेतले, १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि मुखाने नाव सांगण्याची चाल मागे पडली. कारण तांत्रिक असेल, पण रूप जुन्या परंपरेचेच होते: गाणे संपते तेथे नाव. ध्वनिमुद्रिकेच्या पहिल्या पिढीला आपली मुद्रिका होती.

४

नाव तोंडातून कागदावर गेले की ते पुसले जाण्याचीही सोय होते. 'महल' (१९४९) या चित्रपटाच्या तबकडीवर गायिकेचे नाव म्हणून चित्रपटातील पात्राचे, 'कामिनी'चे, नाव छापले होते. आकाशवाणीकडे श्रोत्यांची विचारणा सुरू झाली: हा आवाज कोणाचा? शेवटी ध्वनिमुद्रिका कंपनीकडून नाव मागवून लता मंगेशकर हे नाव जाहीर करावे लागले. पार्श्वगायनाच्या इतिहासात ही गोष्ट नेहमी एका गायिकेच्या उदयाची म्हणून सांगितली जाते. ती श्रोत्याच्या नीतीची गोष्टही आहे. पत्र लिहिणाऱ्याला गाणे मिळालेच होते, आनंदही मिळाला होता. सौंदर्यशास्त्राच्या दृष्टीने त्याचा व्यवहार पूर्ण झाला होता. तरीही त्याला काही अपुरे वाटले. समीक्षकांच्या कोणत्याही लेखाने न झालेले काम या अनाम शौकिनांच्या पत्रांनी केले.

हे उदाहरण शौकिनाच्या बाजूचे झाले. कॅसेटच्या काळात, विशेषतः १९८० नंतर, चित्र गुंतागुंतीचे होते. तबकडी आणि तिचे यंत्र ही मराठवाड्यातल्या सामान्य घरांच्या आवाक्यातली वस्तू नव्हती. कॅसेट होती. बाजारातल्या दुकानात कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दिली की दुकानदार ती 'भरून' देई. साठ मिनिटांत किती गाणी बसतात याचा हिशेब यादी करणारा आधीच करून ठेवी. ही यादी करणे म्हणजे एक संपादनच होते: कोणत्या गाण्यानंतर कोणते, दुसरी बाजू कशाने सुरू करावयाची, उरलेल्या दोन मिनिटांत काय बसवावयाचे. आतल्या कार्डावर बारीक अक्षरात नावे लिहिली जात. पहिल्या रकान्यात गाण्याचा मुखडा, दुसऱ्यात चित्रपट किंवा गायक. गीतकाराचा रकाना बहुधा नसेच.

या व्यवहाराचे नैतिक स्वरूप काय? कायद्याच्या दृष्टीने १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमाचे हे उघड उल्लंघन होते. दुकानदार दुसऱ्याचे गाणे विकत होता आणि शौकीन ते विकत घेत होता. दुसऱ्या बाजूने, या भरून घेतलेल्या कॅसेटींखेरीज लातूर-नांदेडच्या खेड्यापाड्यांत कितीतरी गाणी पोहोचलीच नसती. पीटर मॅन्युएल यांनी उत्तर भारतातील कॅसेटव्यवहारावरच्या १९९३ मधील ग्रंथात या दुहेरीपणाची चांगली नोंद केली आहे. स्वस्त तंत्राने मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली, प्रादेशिक गाण्याला बाजार मिळाला, आणि त्याच तंत्राने द्वेषाचाही प्रसार केला. भीमगीतांचा जो प्रचंड विस्तार कॅसेटवर झाला तो या तंत्राच्या न्याय्य बाजूचा पुरावा आहे. ज्यांना ना तबकडी कंपनीने विचारले ना साहित्यसंस्थांनी, त्यांचे गाणे कॅसेटने घराघरांत नेले.

तेव्हा 'नकल करणे हे पाप' किंवा 'गाणे सर्वांचे' या दोन्ही भूमिका येथे अपुऱ्या पडतात. माझ्या मते भेद दुसरीकडे आहे. ज्याच्यापाशी पैसे नाहीत त्याने नकलेतून ऐकले तर त्याने कलावंताचे मोल चुकवले नाही हे खरे, पण ते ऋण तो मनाशी नोंदवून ठेवू शकतो. नाव लक्षात ठेवणे, ते पुढच्याला सांगणे, कवी गावात आला तर ऐकायला जाणे, ही त्या ऋणाची नोंद. नाव पुसले की मात्र ऋणच नाहीसे होते, कारण मग ते कोणाचे हेच उरत नाही. पैसे न देणे ही उधारी आहे. नाव न ठेवणे म्हणजे खातेवहीच जाळणे. कायदा पहिल्याची दखल घेतो, नीतीने दुसऱ्याची घेतली पाहिजे. कायद्यालाही या दिशेने यावे लागले हे येथे सांगण्याजोगे आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकारांचा मानधनातील वाटा असा ठरविला की निर्मात्याला तो लिहून घेऊन काढून घेता येऊ नये. तोवर कित्येकांची हयात संपली होती.

५

येथे दोन शंका उपस्थित होऊ शकतात. पहिली अशी की लोकपरंपरा निनावीपणावर जगते. जात्यावरची ओवी कोणाची हे कोणी विचारले नाही आणि त्यामुळे ओवीचे काही बिघडले नाही. मग नावाचा हा आग्रह आधुनिक व्यक्तिवादाचा अवशेष नव्हे काय? शंका रास्त आहे, पण तीत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. ओवीत नाव नसते कारण गाणारी प्रत्येक जण तीत स्वतःची भर घालते. तेथे रचणारी आणि ऐकणारी यांच्यात भिंतच नाही. ज्या रचनेत कवीने स्वतः नाव गुंफले आहे तेथे ते नाव गाळणे हा निनावीपणा नव्हे, ती खोड आहे. जे कधी सांगितलेच गेले नाही आणि जे सांगूनही ऐकले गेले नाही, यांत महदंतर आहे.

आज हे न ऐकणे यंत्राच्या रचनेतच शिरले आहे. जयंतीच्या किंवा गणपतीच्या मिरवणुकीत डीजेवर गाण्याचा मुखडा आणि फार तर एखादे कडवे वाजते आणि लगेच पुढचे गाणे सुरू होते. भ्रमणध्वनीवरच्या चित्रफितीत गाण्याचा तीस सेकंदांचा तुकडा असतो. मुद्रिका रचनेच्या शेवटी असल्यामुळे या कापाकापीत पहिला बळी तिचाच जातो. वामनदादा २००४ मध्ये गेले. त्यांच्या रचनांवर आज नाचणाऱ्या तरुणांपैकी कितीजणांच्या कानांवर 'वामन' हा शब्द पडतो? नाचण्यास कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. वर्षातला एक दिवस रस्ता आपला असणे याचा अर्थ ज्यांना रस्ता नाकारला गेला त्यांनाच कळतो. प्रश्न नाचण्याचा नाही, नाचून झाल्यावर गाणे शेवटपर्यंत कधीतरी ऐकण्याचा आहे.

दुसरी शंका अधिक खोल आहे. नाव कळले, कलावंत ओळखला, त्याच्यावर प्रेम केले, पण त्याने माणूस बदलतो काय? येथे निबंधाच्या सर्वांत अवघड भागाकडे वळले पाहिजे.

६

ध्वनिमुद्रणाने आवाज देहापासून वेगळा केला. याचे सौंदर्यशास्त्रीय परिणाम पुष्कळ चर्चिले गेले आहेत, सामाजिक परिणाम तेवढे नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी ज्या प्रतिष्ठित घरांत 'जान' आणि 'बाई' म्हणविणाऱ्या गायिकांना पाऊल टाकू दिले गेले नसते, त्या घरांच्या माजघरात ग्रामोफोनमुळे त्यांचा आवाज जाऊन बसला. ही एक प्रकारची मुक्ती होती: घरातल्या स्त्रियांनी ते गाणे प्रथमच ऐकले. आणि ही एक पळवाटही होती: आवाज आत आला म्हणून बाईला आत घेण्याचा प्रश्न टळला. हिराबाई बडोदेकर यांनी तिकीट लावून जाहीर मैफली करण्याचा पायंडा पाडला त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानी येते. तेथे श्रोत्याला आवाज देहासह, नावासह, प्रतिष्ठेसह स्वीकारावा लागत होता.

मराठवाड्यात याच प्रश्नाने जातीचे रूप घेतले. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज हा त्याचा सर्वांत स्पष्ट दाखला आहे. आषाढीच्या दिवसांत ध्वनिक्षेपकावर तो विठ्ठलाचे गीत गातो, १४ एप्रिलला तोच भीमगीत गातो, आणि उरुसात कव्वाली. एका कंठाने तीन समाजांचे सण साजरे केले. असे दुसरे उदाहरण मराठी संगीतात सहज सापडणार नाही. या आवाजाचा चाहता नसलेले गाव मराठवाड्यात शोधावे लागेल. आणि याच मराठवाड्यात, २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात संमत झाल्यावर, दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली. नांदेड जिल्हा त्या झळीत अग्रभागी होता. नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले.

या दोन वस्तुस्थिती शेजारी ठेवल्या की शौकाविषयीचा कोणताही भाबडेपणा टिकत नाही. एखाद्या समाजातल्या गायकाचा आवाज आपल्या देवळाच्या भोंग्यावर लावणे आणि त्याच समाजाच्या माणसाला त्या देवळात किंवा पंगतीत शेजारी घेणे, या दोन वेगळ्या कृती आहेत. पहिलीतून दुसरी आपोआप निघत नाही. उलट पहिली कृती दुसरीची भरपाई म्हणून वापरली जाण्याचा धोका असतो. 'आम्ही त्यांची गाणी ऐकतो' हे वाक्य उदारपणाचा पुरावा म्हणून पुढे केले जाते तेव्हा ऐकण्याचे रूपांतर निमित्तात झालेले असते. भोंग्याचा आवाज वेस ओलांडतो, ऐकणाऱ्याचे पाय ओलांडतातच असे नाही.

मग शौकिनाच्या प्रेमाला नैतिक मोल काहीच नाही असे म्हणावयाचे काय? मला तसे वाटत नाही. शौक माणसाला न्यायी करीत नाही, पण अन्यायी वागण्यातली एक सोय तो काढून घेतो. ज्याला काहीच आवडत नाही त्याच्या वागण्यात विसंगती नसते. ज्याला हा आवाज आवडतो त्याच्या वागण्यात ती उत्पन्न होते. आपल्या लेखी जो परका आहे त्याच्याच कंठातून आपला विठ्ठल आपल्याला भेटला, ही वस्तुस्थिती शौकिनाला जन्मभर सोडत नाही. तो तिच्याकडे पाठ फिरवू शकतो, आणि बहुसंख्य फिरवतातही, परंतु आता पाठ फिरवावी लागते. उदासीन माणसाला तीही गरज नसते. नैतिक जीवनाचा आरंभ पुष्कळदा अशा टोचणाऱ्या विसंगतीतून होतो. शौकाने फक्त काटा रुतवला, पाय उचलावयाचा की नाही हे ज्याच्या त्याच्या हाती.

मैफलीचे मोल याच जागी पुन्हा दिसू लागते. ती ध्वनिमुद्रणापेक्षा अस्सल असते म्हणून नव्हे. तेजोवलयाच्या त्या युक्तिवादात मला फारसे तथ्य दिसत नाही. मैफलीत माणसाला उठून जावे लागते, कोणाच्या तरी शेजारी बसावे लागते आणि गाणे संपेपर्यंत बसून राहावे लागते, म्हणून. शंकरराव चव्हाणांच्या स्मृतिप्रीत्यर्थ नांदेडात भरणारा 'संगीत शंकर दरबार' असो, आंबेडकर जयंतीच्या रात्रीचा वस्तीतला गायनपार्ट्यांचा मुकाबला असो, किंवा महाशिवरात्रीच्या सुमारास लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत जमणारा श्रोतृवर्ग असो, प्रत्येक ठिकाणी विचारण्याजोगा प्रश्न कार्यक्रम किती रंगला एवढाच नाही. तेथे कोण कोणाच्या सतरंजीवर बसले, हाही आहे. शास्त्रीय संगीताच्या मैफलीला जाणारा दर्दी मुकाबल्याला गेला काय? मुकाबल्यातल्या पोराला दरबारात शेवटच्या रांगेत का होईना, आपण परके आहोत असे न वाटता बसता आले काय? अभिरुचीची कसोटी म्हणून आपण आवडींची यादी पाहतो. माणूस आपल्या आवडीपायी कोणाच्या दारापर्यंत गेला, ही कसोटी त्याहून कठीण आहे.

७

यावरून शौकिनाच्या कर्तव्यांची एखादी संहिता तयार करावी असा हेतू नाही. प्रेमाला नियम लावले की ते कवायत होते. तरी या विवेचनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात असे वाटते. एक, शेवटपर्यंत ऐकणे: मुद्रिका येईपर्यंत थांबणे आणि आलेले नाव पुढे सांगणे. दोन, आवाजामागे पावलांनी जाणे: ज्या कंठाने आपल्याला काही दिले त्याच्या वस्तीची वाट माहीत करून घेणे. पहिली गोष्ट कोणालाही करता येते, तिला पैसा, शिक्षण, स्वरज्ञान काही लागत नाही. दुसरीची किंमत अधिक आहे, आणि ती सर्वांना सारखी पडत नाही. वरच्या जातीतल्या शौकिनाला ती केवळ चार लोकांच्या बोलण्याइतकी पडेल. उलट दिशेने वेस ओलांडणाऱ्याला याच मुलुखात ती जिवाइतकी पडलेली आहे. म्हणून हे कर्तव्य सर्वांना समान वाटून देता येणार नाही. ज्याची किंमत कमी त्याने आधी निघावे, एवढे न्यायाचे तत्त्व येथे पुरेसे आहे.

समीक्षेकडेही यातील काही वाटा येतो. आपल्या ग्रंथालयांत काव्यसंग्रह आहेत, पण भीमगीतांच्या, गायनपार्ट्यांच्या आणि मुकाबल्यांच्या कॅसेटी प्रायः नाहीत. त्या शौकिनांच्या घरांत, पत्र्याच्या पेट्यांत आहेत. १९९० मध्ये मुंबईत तबकड्यांच्या संग्राहकांनी आपली संस्था काढली तेव्हा संगीताच्या इतिहासाची कितीतरी साधने विद्यापीठांपेक्षा या वेड्यांनीच जपली आहेत हे अभ्यासकांना उमगले. चुंबकीय फीत तबकडीइतकी टिकाऊ नाही. ती ओलीने चिकटते, तिच्यावरचा लेप झडतो. नांदेडला १९९४ पासून विद्यापीठ आहे आणि त्याच्या कक्षेत लातूरही येते. तेथील मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने एका तालुक्यातल्या अशा पेट्या उघडून, फिती पूर्ण वाजवून, केवळ अखेरच्या कडव्यांतली नावे जरी उतरवून घेतली, तरी मराठी कवींच्या यादीत आजवर नसलेली कितीतरी नावे तीत दिसू लागतील. ते काम करताना त्याला पेटीच्या मालकाच्या घरी जावे लागेल, त्याच्या समोर बसावे लागेल आणि गाणे मध्येच थांबवता येणार नाही.